राग मोजायचा, मार मोजायचा की कट्टी?

सर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला काही उलटसुलट समजलं असेल तर तुम्हाला अडवता येईल. निपाणीजवळच्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये तुम्ही आठवी-नववीला शिकवता. यंदा मारामाऱ्या वाढल्या, दोन पालक शाळेत येऊन तावातावाने बोलून गेले, आणि मुख्याध्यापकांनी तुम्हाला ‘आक्रमक मुलांची यादी’ काढायला सांगितली. तुम्हाला २९ विधानांची एक इंग्रजी प्रश्नावली मिळाली आहे. ती मोबाइलवर मराठीत करून मुलांकडून भरून घ्यायची तुमची तयारी आहे. किती गुणांच्या वर मूल आक्रमक धरायचं, एवढंच तुम्ही विचारलंय.

एवढ्याचंच उत्तर हवं असेल तर ते एका ओळीचं आहे: असा आकडा नाही. तुमच्या शाळेतल्या मुलांसाठी तर नाहीच. पण तुमची अडचण खरी आहे आणि तिच्यावर करण्यासारखं बरंच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी एकोणीस वर्षं बेळगावात मुलांची मानसतज्ज्ञ म्हणून काम करते. खानापूर, चिकोडी, हुक्केरी, तुमच्या निपाणीकडूनही मुलं येतात. शाळेने दिलेल्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एकच शब्द असतो, ‘अ‍ॅग्रेसिव्ह’. चिठ्ठी कन्नड शाळेची असो की मराठी, शब्द तोच. त्या शब्दाखाली मला डबा हिसकावणारा मुलगा भेटलाय, भिंतीवर डोकं आपटून घेणारी मुलगी भेटलीय, वर्गातल्या एकीशी कुणी बोलायचं नाही असा हुकूम काढणारी मुलगी भेटलीय, आणि दिवसभर गुपचूप बसून महिन्यातून एकदा बाक उचलून फेकणाराही भेटलाय. या चौघांना एकाच काट्यावर तोलून कुणाचं वजन जास्त ते सांगायला गेलं, तर काटा काहीतरी दाखवेल. पण दाखवलेल्या आकड्याचं करायचं काय?

तुमच्याकडची प्रश्नावली वर्णनावरून अर्नॉल्ड बस आणि मार्क पेरी यांची दिसते, १९९२ सालची. ती मुळात कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर तयार झाली, तेरा-चौदा वर्षांच्या मुलांवर नाही. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण. तिचे चार भाग आहेत: शारीरिक आक्रमकतेची ९ विधानं, शाब्दिक आक्रमकतेची ५, रागाची ७ आणि वैरभावाची ८. वैरभाव म्हणजे ‘लोक माझ्या वाईटावर आहेत, माझ्या नशिबी नेहमी डावंच’ या जातीची समजूत.

आता शेवटचे दोन भाग नीट बघा. राग ही भावना आहे, वैरभाव हा विचार आहे. २९ पैकी १५ विधानं मुख्यतः आत काय धुमसतंय ते विचारतात. हाताने किंवा तोंडाने दुसऱ्याला काय केलं ते नाही. एक हिशेब मांडते, मुलं काल्पनिक आहेत. एका मुलाला शारीरिकमध्ये ३६, शाब्दिकमध्ये १५, रागात २१, वैरभावात १६; बेरीज ८८. एका मुलीला शारीरिक १२, शाब्दिक १२, राग २८, वैरभाव ३६. बेरीज पुन्हा ८८. पहिला रोज कुणाला तरी बदडतोय. दुसरीने आयुष्यात कुणाला चापट मारलेली नाही, पण सगळं जग आपल्यावर उठलंय असं तिला वाटतंय, आणि मला विचाराल तर या दोघांत आधी तिच्याशी बोलायला हवं. तुमच्या यादीत दोघं एकाखाली एक येतील, आणि दोघांच्या पालकांना एकच पत्र जाईल.

म्हणून प्रश्न ‘किती आक्रमक?’ असा न विचारता दोन प्रश्न वेगळे करा. कोणत्या रूपाने, आणि कशासाठी?

रूपाचं आधी. हाताने मारणं आणि तोंडाने शिव्या देणं शिक्षकाला दिसतं-ऐकू येतं. तिसरं रूप दिसत नाही. नातं तोडून त्रास देणं: कट्टी घेणं, घ्यायला लावणं, चहाड्या पसरवणं, खेळात न घेणं, मोबाइलवरच्या ग्रुपमधून काढून टाकणं. फिनलंडमध्ये ब्यॉर्कक्विस्ट आणि लागरस्पेत्झ यांनी १९८० च्या दशकातच यावर काम केलं, आणि १९९५ मध्ये अमेरिकेत निकी क्रिक आणि जेनिफर ग्रॉटपीटर यांच्या अभ्यासानंतर ते सगळीकडे मोजलं जाऊ लागलं. आपल्याला मात्र ही कल्पना परकी नाही. ‘वाळीत टाकणं’ हा शब्द ज्या भाषेत आहे, तिला नात्याचं हत्यार करता येतं हे कुणी शिकवायला नको.

हे बायकी काम, अशी एक समजूत स्टाफरूममध्ये पक्की असते. सुरुवातीच्या अभ्यासांत मुली यात पुढे दिसल्या होत्या खऱ्या. पण २००८ मध्ये नोएल कार्ड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा उघड आक्रमकतेत मुलगे पुढे होते, आणि आडून होणाऱ्या आक्रमकतेत मुलगे-मुलींतला फरक जवळजवळ नगण्य निघाला. त्याच अभ्यासात उघड आणि आडून या दोन्हींमधला सहसंबंध ०.७६ एवढा आला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी). म्हणजे जे मूल एक करतं ते बहुधा दुसरंही करतं. तेव्हा मुलग्यांना मारामारीचे प्रश्न आणि मुलींना कट्टीचे प्रश्न, अशी वाटणी करू नका. आठवीच्या मुलग्यांची कट्टी मी पाहिलीय. क्रिकेटच्या टीममधून काढलेला मुलगा तीन आठवडे पोट दुखतंय म्हणून शाळा चुकवत होता.

आता कशासाठी. माझ्या मते शिक्षकाच्या सगळ्यात उपयोगाचा भेद हाच. एक आक्रमकता चिडून येते: कुणी डिवचलं, धक्का लागला, अपमान वाटला, आणि हात उठला. दुसरी ठरवून येते: काहीतरी मिळवायचंय, पैसे, जागा, दरारा, राग आलेला नसला तरी चालतो. केनेथ डॉज आणि जॉन कोई यांनी १९८७ मध्ये शिक्षकांनी भरायची अवघ्या सहा विधानांची एक छोटी पट्टी याच भेदावर बेतली, तीन चिडण्याची आणि तीन ठरवून करण्याची. २००६ मध्ये एड्रियन रेन आणि सहकाऱ्यांनी मुलांनी स्वतः भरायची २३ विधानांची प्रश्नावली दिली, ११ चिडण्याची आणि १२ ठरवून करण्याची. उत्तरं तीनच, कधीच नाही, कधी कधी, बरेचदा. तुमच्या वयोगटाला ती बस-पेरीपेक्षा जास्त जवळची आहे.

नववीतल्या एका मुलाचं सांगते. खूण पटू नये म्हणून तपशील बदललेत. गावाहून शहरात येणाऱ्या सकाळच्या बसमध्ये तो सहावी-सातवीच्या पोरांकडून रोज गिरमिटाचे, म्हणजे आपल्याकडच्या चुरमुऱ्यांच्या खाऊचे, पैसे गोळा करायचा. आवाज चढवायचा नाही. नुसता शेजारी जाऊन बसायचा. शिक्षकांचा लाडका, सरांची गाडी पुसणारा. त्याच्या वर्गशिक्षकांनी माझ्याकडे पाठवला होता तो त्याच्या बाकावरचा दुसरा मुलगा, जो मधल्या सुट्टीत सारखा भांडायचा. रागाच्या प्रश्नांवर या गिरमिटवाल्याला जवळजवळ सगळ्यात कमी गुण मिळाले असते, कारण त्याला खरंच राग येत नव्हता.

आणि तो बाकावरचा दुसरा? पाचवीपर्यंत मराठी माध्यमात शिकून तो कन्नड माध्यमात गेला होता. कन्नड यायचं, पण थट्टा कळण्याइतकं नाही. मागे पोरं हसली की आपल्यावरच हसली असं धरून तो वळायचा आणि भिडायचा. चिडून मारणारी मुलं दुसऱ्याच्या साध्या वागण्यातही वाईट हेतू वाचतात, हे डॉज यांनी १९८० पासून दाखवून दिलंय, आणि मी पाठ केल्यासारखं तेच निदान फाइलवर लिहिलं. मग शाळेत जाऊन दोन दिवस मागच्या बाकावर बसले. अर्ध्या वेळा पोरं खरोखर त्याच्यावरच हसत होती, त्याच्या उच्चारांवर. अर्ध्या वेळा नव्हती. नुसत्या प्रश्नावलीवरून हे मला कधीच कळलं नसतं, आणि त्याच्याशी पुढे काय बोलायचं ते या ‘अर्ध्या-अर्ध्या’वरच ठरणार होतं.

दोन्ही प्रकार बऱ्याच मुलांत एकत्र सापडतात, दोन्हींचे गुण बहुधा बरोबरच चढतात, त्यामुळे ‘हा चिडका, तो कावेबाज’ असे दोन स्वच्छ डबे होत नाहीत. तरी भेद ठेवायचा तो उपायासाठी. चिडणाऱ्याला थांबायला शिकवता येतं, डिवचणं कमी करता येतं. ठरवून करणाऱ्याला राग आवरायचे धडे देणं म्हणजे पोहणाऱ्याला पोहणं शिकवणं. त्याला मिळणारे पैसे आधी बंद व्हायला हवेत, म्हणजे त्या बसमध्ये कुणीतरी मोठं माणूस बसायला हवं.

एक गोष्ट इथे निसटून जाते म्हणून सांगते. १९८६ मध्ये यूडोफ्स्की आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयातल्या वॉर्डसाठी घटना नोंदवायची एक पट्टी केली. तिच्यात चार रकाने आहेत: तोंडी, वस्तूंवर, दुसऱ्यावर आणि स्वतःवर. शाळेतल्या नोंदीत चौथा रकाना कधीच नसतो. कंपासच्या टोकाने हातावर ओरखडे काढणारं मूल कुणाला त्रास देत नाही, म्हणून कुठल्याच यादीत येत नाही. तुम्ही काहीही करा, हा रकाना ठेवा.

आता विचारायचं कुणाला? इथे थोडं परिस्थितीवर आहे. मुलाने स्वतः भरलेला कागद ठरवून केलेल्या आणि आडून केलेल्या गोष्टींसाठी बरा, कारण त्या फक्त त्यालाच ठाऊक असतात. पण नाव लिहायचं असेल आणि कागद वर्गशिक्षकच गोळा करणार असतील तर सगळे साधुसंत निघतील. शिक्षक वर्गातलं चांगलं पाहतात, बस स्टँडवरचं नाही. आई-वडिलांना घरातलं दिसतं, आणि ‘आमचा तसा नाही’ ही भिंत मधे असते. थॉमस आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यास तपासले. एकाच भूमिकेतल्या दोन माणसांचं, म्हणजे आई आणि वडील, किंवा दोन शिक्षक, यांचं मुलाबद्दलचं मत त्याच ० ते १ च्या मापावर सरासरी ०.६० इतकं जुळलं. पालक आणि शिक्षक अशा वेगळ्या भूमिकांचं ०.२८. मूल स्वतः आणि इतर, ०.२२.

०.२८ पाहून लोक म्हणतात, मग कुणीतरी खोटं बोलतंय. मी उलट धरते. घरी मारतं आणि शाळेत मारत नाही, ही माहिती आहे. त्या दोन्ही कागदांची सरासरी काढलीत तर तीच माहिती पुसून जाते. तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवा आणि जिथे जुळत नाहीत तिथे बोट ठेवून विचारा, असं का?

वर्गातल्या मुलांनाच ‘तुमच्यात सगळ्यात जास्त मारतं कोण’ असं विचारून नावं लिहून घ्यायची एक पद्धत संशोधनात आहे, आणि ती बऱ्यापैकी अचूक असते. तुम्ही ती वापरू नका. संशोधक दुसऱ्या दिवशी निघून जातो. तुम्ही आणि ती मुलं तिथेच राहणार आहात, आणि मधल्या सुट्टीच्या आत कुणाला किती मतं पडली ते सगळ्यांना कळलेलं असेल.

आता भाषांतर. मोबाइलवरचं भाषांतर वापरू नका असं सांगण्यामागे माझा अनुभव आहे, कारण माणसांनी केलेलंही आमचं फसलं होतं. एका कामासाठी आम्ही मारामारीबद्दलच्या विधानात ‘मी भांडतो/भांडते’ असं लिहिलं. बऱ्याच मुलींनी ‘बरेचदा’वर खूण केली. विचारल्यावर कळलं की त्यांच्या डोक्यात बाचाबाची होती. मुलग्यांच्या डोक्यात गचांडी धरणं. आपल्याकडे ‘भांडण झालं’ यात दोन्ही बसतं. दुसरं फसलं ते ‘क्वचित’. सातवीतल्या मुलांना तो शब्द पुस्तकी वाटला आणि काहींनी ‘खचित’ समजून उलटी खूण केली. आता मी ‘कधीच नाही, एखाददुसऱ्या वेळी, बरेचदा’ एवढंच ठेवते.

बस-पेरीत दोन विधानं उलट्या अर्थाची आहेत, त्यांचे गुण उलटे मोजायचे असतात. त्यातल्या एकाचा आशय, कुणाला मारायला योग्य कारण असूच शकत नाही, असा आहे. हे मराठीत आणून त्यावर ‘अजिबात पटत नाही’ म्हणायचं म्हणजे नकारावर नकार, मोठी माणसंसुद्धा अडखळतात. मूल अडखळलं की ते आक्रमक ठरतं, वाचनात कच्चं असण्याची शिक्षा म्हणून.

सीमाभागात याच्यावर आणखी एक थर आहे. कन्नडमध्ये ‘कोप’ म्हणजे साधा रोजचा राग. मराठीत कोप होतो तो देवाचा किंवा निसर्गाचा. आमच्या मुलांच्या तोंडी ‘सिट्टु’ही असतो, कट्टीला शेजारचं कन्नड पोर ‘टू बिट्टे’ म्हणतं, आणि घरी मराठी बोलणारं मूल मैदानावर कन्नडमधून भांडतं, कारण भांडणाची भाषा ते तिथे शिकलंय. तेव्हा विधानाचं मराठी करणाऱ्या माणसाने मूळ इंग्रजीतून करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाने ते परत इंग्रजीत न्यावं, आणि दोन्ही ताडून पाहावं, ही झाली रीत. पण त्याहून जास्त उपयोगाचं काम म्हणजे आठ-दहा मुलांसोबत बसून एकेक विधान वाचायचं आणि विचारायचं, ‘यातून तुला काय कळलं? तुझ्या शब्दांत सांग.’ एका दुपारी निम्मी प्रश्नावली दुरुस्त होते. मूळ कर्त्यांची परवानगी लागते का, तेही आधी पाहून घ्या.

मराठी आणि कन्नड अशा दोन प्रती केल्यात तर त्यांच्या गुणांची तुलना करू नका. दोन्ही प्रती एकसारखं मोजतात हे आधी सिद्ध करावं लागतं, आणि ते काम शेकडो मुलांचं आणि संख्याशास्त्राचं आहे. आपल्या जिल्ह्यात ‘या माध्यमाची मुलं त्या माध्यमापेक्षा आक्रमक’ असं एक वाक्य कागदावर आलं की त्याचं काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. केवळ एका शब्दाच्या भाषांतरामुळे आलेला चार गुणांचा फरक उद्या कुणाच्या तरी भाषणात असेल. याच कारणाने मी १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातल्या काळ्या दिनाच्या, आसपासच्या आठवड्यात काहीही भरून घेत नाही. परीक्षेच्या आधीही नाही.

काळाची मर्यादा देताना ‘गेल्या सहा महिन्यांत’ असं लिहिलेलं असतं. मुलांना सहा महिने कळत नाहीत. ‘गणपतीपासून आजपर्यंत’ म्हटलं की लख्ख कळतं.

आणखी एक घोटाळा, खास तुमच्या बाजूचा. निपाणी-चिकोडीकडची पोरं कुस्ती बघत वाढतात. ‘भांडाण न्हवं मॅडम, झोंबी खेळत होतो,’ हे मी कितीदा ऐकलंय, आणि बहुतेक वेळा ते खरं असतं. खेळातल्या झोंबीत चेहरे हसरे असतात, वरचा आपणहून खाली येतो, आणि सुटल्यावर दोघं एकत्रच पाणी प्यायला जातात. खऱ्या मारामारीत सुटल्यावर दोन दिशांना जातात. नोंद करणाऱ्याला हा फरक सांगून ठेवा, नाहीतर तुमच्या शाळेतले सगळ्यात चांगले दोस्त यादीत पहिले येतील.

इतक्या वेळात तुम्ही म्हणाल, ठीक आहे, उत्तम प्रश्नावली घेतो, उत्तम भाषांतर करतो, मग तरी यादी काढू का? पुन्हा हिशेब मांडते. आकडे गृहीत आहेत, पण उदार मनाने धरलेले. शाळेत ४०० मुलं. खरोखर काळजी करावी अशी २०. प्रश्नावली इतकी चांगली की अशा १०० पैकी ८० मुलांना ती पकडते, आणि बाकीच्या १०० पैकी ८० मुलांना बरोबर सोडून देते. तर २० पैकी १६ सापडली. उरलेल्या ३८० पैकी ७६ चुकून अडकली. यादीत ९२ नावं, त्यातली ७६ चुकीची, आणि चार खरी मुलं यादीबाहेर. कपाळावर शिक्का बसलेल्या त्या ७६ जणांना पुढची दोन वर्षं प्रत्येक नवे सर ‘हाच का तो’ म्हणून बघणार. शिवाय ‘अमुक गुणांच्या वर’ ही रेघ ज्यांच्यावरून काढली ती मुलं कुठल्या देशातली, कुठल्या वयाची? आपल्या भागातल्या मराठी मुलांवर बेतलेली रेघ तुमच्या हाती नाही. तुम्हाला करता येण्यासारखी तुलना एकच: तेच मूल, तोच कागद, जूनमध्ये आणि पुन्हा डिसेंबरमध्ये. त्यातही एक-दोन गुणांचा फरक हवेवर सोडून द्या.

तर इथवरचं थोडक्यात: एकूण बेरीज नको, रूप आणि कारण वेगळं, एकाहून जास्त माणसांना विचारा, सरासरी नको, शब्द मुलांसोबत तपासा, आणि आकड्यावरून नावांची यादी नको.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असते तर पहिला महिना प्रश्नावलीला हातच लावला नसता. एक साधी वही. रकाने असे: तारीख-वेळ, जागा, आधी काय झालं, नेमकं काय केलं, लगेच नंतर काय झालं, कुणी पाहिलं. ‘नेमकं काय केलं’मध्ये ‘उद्धटपणा केला’ असं लिहायचं नाही. ‘दोन्ही हातांनी छातीवर ढकललं’ असं लिहायचं. ‘नंतर काय झालं’ हा रकाना लोक कंटाळून सोडतात, आणि सगळं गुपित तिथेच असतं: बाकीची पोरं हसली, जागा मिळाली, गणिताच्या तासाला बाहेर उभं केलं म्हणजे गणित टळलं. तीन-चार शिक्षक आणि शिपाईमामा अशांनी मिळून लिहा. शिपाईमामांना शिक्षकांपेक्षा जास्त दिसतं, हा माझा पक्का अनुभव आहे. पहिल्या आठवड्यात दोघांनी एकच घटना वेगवेगळी लिहून पाहा. जुळली नाही तर रकान्यांचे अर्थ पुन्हा ठरवा.

महिन्याने वहीत बहुधा असं दिसेल की निम्म्या घटना दोन-तीन जागी आणि ठरावीक वेळी होतात: दुपारच्या जेवणाची रांग, बस सुटायच्या आधीची वीस मिनिटं, मोकळा तास. आणि पाच-सहा मुलांची नावं पुन्हा पुन्हा येतील. त्या पाच-सहांसाठीच प्रश्नावली काढा; तीही पालकांना सांगून, त्यांची परवानगी घेऊन, आणि भरून घेणारा माणूस वर्गशिक्षक नसावा. त्याआधी साध्या गोष्टी बघून घ्या: कान तपासलेत का, वाचता येतं का, रात्री झोपतो किती, घरी मार बसतो का.

त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कधी कधी खरंच मिळतं, म्हणून तयारी ठेवा. मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे, ‘घरचं प्रकरण’ म्हणून मिटवता येत नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. स्वतःला इजा करणारं मूल सापडलं तर वाट पाहू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा क्रमांक १४४१६ आहे, आणि गरज पडली तर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आपल्याला बेंगळुरूपेक्षा कितीतरी जवळ आहे. आणि शाळेतच कुणी छडी वापरत असेल, तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने त्याला बंदी आहे हे बाजूला ठेवूनही, तुमच्या वहीत त्या सरांच्या घटनाही लिहाव्या लागतील. ‘आधी काय झालं’ या रकान्यात त्या येतातच.

राहिले मुख्याध्यापक. त्यांना यादी हवीय कारण वर कुणीतरी विचारणार आहे, हे मी समजू शकते. त्यांना नावांऐवजी जागा आणि वेळा यांचा एक पानी तक्ता द्या: कुठे, कधी, कोणत्या प्रकारच्या किती घटना, आणि खाली दोन मागण्या. माझा अंदाज, पहिली मागणी बस सुटायच्या वेळी स्टँडवर एका शिक्षकाची ड्यूटी ही असेल. पाच-सहा मुलांच्या फाइली कुलपात, किल्ली एकाकडे.

आणि प्रश्नावली कराल तेव्हा मुलांसोबतच्या त्या दुपारी कुठल्या शब्दांवर अडली ते मला नक्की कळवा. ‘टोमणा’ हा शब्द खानापूरकडच्या मुलांना सहज कळतो असं मला आढळलंय. निपाणीकडे आठवीतली मुलं त्याला काय म्हणतात ते मला अजून नीट सापडलेलं नाही.